चोविसावा पेपर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत तीनदा बॅटरी मारली, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, आणि पोस्टमास्तरांनी तक्त्याऐवजी शेजारचं कॅलेंडर वाचायला घेतल्यावर शांतपणे म्हणाले, "आता गाडी विसरायची."

पोस्टमास्तरांनी मान हलवली. आयुष्यभर लोकांच्या तारा पाठवून त्यांना शब्द मोजायची सवय लागली होती. दहाच्या वर एक जरी शब्द गेला तरी जादा आकार पडेल, अशा बेताने ते घरातही बोलत. घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि खिळ्याकडे पाठ करून बसले.

गाडी फिकट निळी, गोल दिव्यांची, दार लावताना दोनदा आपटावं लागणारी. दर गुरुवारी संध्याकाळी ते आणि त्यांची बायको त्या गाडीतून तळ्याच्या काठाला जात. खाली उतरायचंसुद्धा नाही. काचा खाली करायच्या, थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा आणि पाण्याकडे बघत बसायचं. अठ्ठावीस वर्षांत हा गुरुवार फक्त तीनदा चुकला होता, आणि तिन्ही वेळा चूक टायरची होती. पायी जायला तळं लांब, आणि बस त्या बाजूला जात नसे. गाडी गेली की गुरुवार गेला, हे दोघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तरांचे धाकटे भाऊ, म्हणजे बायकोचे दीर, आले. सहजच आलो म्हणाले, पण सहज येणाऱ्या माणसाच्या खिशात मोजपट्टी नसते. त्यांनी गाडीची लांबी मोजली, रुंदी मोजली आणि म्हणाले, "दादा, गाडी उभी राहिली की कुजते हो. माझ्या शेडमध्ये बरोबर बसतेय. चार बोटं जागा उरते."

पोस्टमास्तर खिळ्याकडे हात नेणार, एवढ्यात आतून बाई आल्या. बाई म्हणजे पोस्टमास्तरांची बायको. शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि नवरा सोडून सगळं गाव त्यांना बाई म्हणत होतं.

"भाऊजी, मोजपट्टी आत ठेवा," बाई म्हणाल्या. "गाडी मी चालवणार आहे."

दीर हसले. नुसते हसून गप्प बसले असते तर पुढचं काही घडलंच नसतं, कारण बाईंनी ते वाक्य रागाच्या भरात टाकलं होतं आणि दुपारपर्यंत त्या ते विसरल्याही असत्या. पण दीर पुढे म्हणाले, "वहिनी, गाडी म्हणजे काय वर्गातला पृथ्वीचा गोल आहे, बोटाने फिरवायला?"

बाईंचे कान तांबडे झाले. पोस्टमास्तरांनी बायकोच्या कानांकडे पाहिलं. अंधुक दिसत असलं तरी तो रंग त्यांच्या ओळखीचा होता.

"एक महिना. शिकाऊ परवाना काढ. नाहीतर गाडी याची," ते म्हणाले. आठ शब्द. तार पूर्ण झाली.

आता सगळं यंत्रावर होतं म्हणतात. बोट टेकवलं की प्रश्न, बोट टेकवलं की उत्तर. तेव्हा शिकाऊ परवान्यासाठी कागदावर लेखी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेपर्यंत पोचणं हीच खरी परीक्षा असे. परवाना कार्यालयाच्या खिडकीतून बाईंना तीन पानी अर्ज मिळाला. त्याला जन्मतारखेचा पुरावा हवा होता आणि पुरावा म्हणून फक्त शाळा सोडल्याचा दाखला चालणार होता. बाई समोर उभ्या आहेत, केस पांढरे आहेत, जन्म नक्की झालेला आहे, हे खिडकीतल्या माणसाला मान्य होतं. "पण कागदावर पाहिजे," तो म्हणाला.

बाई ज्या शाळेत शिकवत, त्याच शाळेत शिकल्याही होत्या. तेव्हा दाखला म्हणजे घरचंच काम, असं समजून त्या शाळेच्या कचेरीत गेल्या. जुना कारकून उठून उभा राहिला, त्याने खुर्ची पुसून दिली आणि मग म्हणाला, "अर्ज देऊन ठेवा बाई. सात दिवसांनी मिळेल."

"अहो, रजिस्टर तुमच्या मागच्या कपाटात आहे. खालून दुसऱ्या खणात. हिरवी पाठ."

"माहीत आहे ना बाई."

"मग काढा की."

कारकुनाने दुःखी चेहऱ्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीत लावलेली पाटी होती: दाखला अर्जानंतर सात दिवसांनीच मिळेल, कृपया हुज्जत घालू नये. खाली बाईंचीच सही होती. एका वर्षी मुख्याध्यापक आजारी असताना तीन महिने त्यांनी कारभार पाहिला होता, तेव्हाची. 'हुज्जत' हा शब्दही त्यांनीच निवडला होता. तेव्हा तो त्यांना नेमका वाटला होता.

बाई सात दिवस थांबल्या.

मग डॉक्टरी दाखला. शरीरावरची ओळखीची खूण लिहायची होती. बाईंच्या अंगावर तीळ नाही, व्रण नाही, चामखीळ नाही. घरच्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि जागा कोरी सोडली. खिडकीतल्या माणसाने अर्ज परत केला. "खूण पाहिजे." डॉक्टर म्हणाले, "नसेल तर मी काय करू, चावू?" अर्ज तीनदा इकडून तिकडे गेला. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि लिहून टाकलं: 'कपाळावर आडवी आठी. कायम.' खिडकीतल्या माणसाने आठी तपासली, खरी असल्याची खात्री केली आणि शिक्का मारला. एव्हाना महिन्यातले तेरा दिवस संपले होते. परीक्षा एकविसाव्या दिवशी मिळाली.

परीक्षेसाठी वाहतुकीच्या नियमांची चाळीस पानांची पुस्तिका होती. बाईंनी तिला तपकिरी कव्हर घातलं, वेळापत्रक केलं, आणि मुलांना नकाशा पाठ करायला लावताना जी युक्ती त्या वापरत, तीच स्वतःवर वापरली: जे शिकायचं ते रोज डोळ्यांसमोर असलं पाहिजे. पुठ्ठे कापून, लाल शाई भरून त्यांनी चिन्हं तयार केली आणि घरभर लावली. फाटकाच्या खांबावर 'थांबा'. न्हाणीघरावर 'प्रवेश बंद'. अडगळीच्या खोलीवर 'पुढे रस्ता अरुंद'. स्वयंपाकघरातून व्हरांड्याकडे 'एकेरी मार्ग'.

अडचण अशी झाली, की पोस्टमास्तरांची सगळी नोकरी सरकारी. पाटी दिसली की ती पाळायची, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं, आणि ही चिन्हं बाईंनी एवढी मोठी काढली होती की त्यांनाही दिसत. स्वयंपाकघरातून चहा घेऊन ते व्हरांड्यात जात, पण कप ठेवायला त्याच वाटेने परत येत नसत. फाटकाशी थांबून, घराला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्यावरून, मागच्या दाराने येत. शेजाऱ्यांनी त्यांना दिवसातून चार वेळा रिकामा कप घेऊन घराभोवती फिरताना पाहिलं. "घरात काही झालंय का?" असं शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या शिवणकाकूंनी हळूच विचारलंही. 'थांबा' पाहून वीज मीटर तपासणारा माणूस फाटकाशीच थांबला आणि 'घर बंद' असा शेरा मारून मोकळा झाला. न्हाणीघरातला नळ नीट करायला आलेला प्लंबर मात्र 'प्रवेश बंद'ला न जुमानता थेट आत शिरला. तो नियम मोडणारा म्हणून बाईंनी त्याच्याशी अबोला धरला आणि नळ तसाच गळत राहिला.

बाईंच्या घराच्या अंगणाला लागून तीन मजली इमारत होती, आणि फाटक दोघांना मिळून एकच होतं. बाई अभ्यास करतायत हे कळल्यावर इमारतीतून सल्ल्यांची रीघ लागली.

"अभ्यास कसला करताय बाई!" हे हॉर्नकाका. दुसऱ्या मजल्यावर राहणारे, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. फाटकातून बाहेर पडताना, आत येताना, कोणी आडवं आलं तर आणि कोणीच आडवं नाही म्हणून, ते हॉर्न वाजवत. मुलांनी ठेवलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. "चार पर्याय असतात. सगळ्यांत लांब उत्तर बरोबर. चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"लांबबिंब काही नाही," शिवणकाकू दातांत टाचण्या धरून म्हणाल्या. "आमच्या यांनी सगळीकडे 'क' वर खूण केली. पास!"

"मग त्यांना चिन्हांचे अर्थ येतात?" बाईंनी विचारलं.

"ते कशाला? ते गाडी चालवतात ना."

बाईंनी पुठ्ठ्यावरचा एक उलटा त्रिकोण हॉर्नकाकांसमोर धरला. म्हणजे आधी दुसऱ्याला वाट द्या. हॉर्नकाकांनी तो उभा धरला, आडवा धरला आणि ठामपणे म्हणाले, "पुढे टेकडी आहे."

बाईंच्या डोक्यात काहीतरी चमकलं. चौतीस वर्षांत त्यांचा अनुभव असा होता, की पेपर काढल्याशिवाय विषय पक्का होत नाही. त्यांनी वीस प्रश्नांचा पेपर काढला, कार्बन लावून बारा प्रती केल्या आणि रविवारी चार वाजता इमारतीच्या जिन्याखाली सराव परीक्षा जाहीर केली. चहा-बिस्किटं आहेत म्हटल्यावर इमारतीतले अकरा गाडीवाले आले आणि बारावी प्रत मौज म्हणून शिवणकाकूंनी घेतली.

सगळ्यांत जास्त गुण शिवणकाकूंना पडले. वीसपैकी नऊ. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. सगळ्यांत कमी हॉर्नकाकांना. तीन.

इथवर गंमत होती. पण बाईंनी पेपर तपासून तिथेच थांबायला हवं होतं. त्यांनी निकाल लावला. सुवाच्य अक्षरात, गुणानुक्रमे, प्रत्येकापुढे शेरा लिहून, इमारतीच्या सूचना फलकावर चार टाचण्यांनी. हॉर्नकाकांच्या नावापुढे होतं: 'प्रयत्न अपुरे. लक्ष इतरांच्या पेपरवर.'

संध्याकाळपर्यंत इमारत गार पडली. जिन्यात बाई भेटल्या की माणसं किल्ल्या शोधू लागली. निकालाखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'हा फलक पाण्याच्या वेळांसाठी आहे.' आणि हॉर्नकाका स्वतः खाली आले. त्यांनी पाकिटातून परवाना काढून बाईंच्या टेबलावर आपटला.

"हा बघा! चाळीस वर्षांचा परवाना! आणि तुम्ही मला तीन मार्क देता?"

बाईंनी चष्मा लावला, परवाना उलटा केला, सुलटा केला. "काका," त्या म्हणाल्या, "हा अकरा वर्षांपूर्वी संपलाय."

हॉर्नकाकांनी परवाना हातात घेतला. अकरा वर्षं त्यांनी तो आपटण्यासाठी वापरला होता, वाचण्यासाठी नाही.

त्या रात्री म्हणे इमारतीतल्या सगळ्या कपाटांचे खालचे खण उघडले गेले. अकरा परवान्यांपैकी नऊ संपलेले निघाले, एक धुण्यात गेलेला होता, आणि एक परवाना नसून वाचनालयाचं कार्ड होतं. सोमवारी सकाळी अकरा गाडीवाले रांगेने पायी बाहेर पडले. बाईंच्या खिडकीवरून जाताना प्रत्येकाने आत एक कटाक्ष टाकला. नियम पाळायची इतकी सामुदायिक प्रेरणा त्या रस्त्याने आधी कधी पाहिली नव्हती, आणि तिच्याबद्दल कोणी बाईंचे आभार मानले नाहीत. धाकट्या दिरांनी मात्र हे ऐकून गाडीसाठी नवं आवरण शिवायला टाकलं. शिवणकाकूंकडेच.

"शिवू ना बाई?" शिवणकाकूंनी येऊन विचारलं. "धंदा आहे, नाही कसं म्हणू?"

"शिवा," बाई म्हणाल्या. "मात्र घाई करू नका."

एकविसाव्या दिवशी बाई परीक्षेला गेल्या. परवाना कार्यालयातली लांब खोली, दोन रांगांत बाकं, भिंतीवर मोठं घड्याळ. चोवीस उमेदवार होते. दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर, एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले दोन भाऊ, बँकेतला एक गंभीर माणूस, आणि सर्वांत शेवटी भर उकाड्यात लांब बाह्यांची बटणं लावून बसलेले हॉर्नकाका. संपलेला परवाना नवा करायलाही हाच पेपर द्यावा लागे. बाई सवयीप्रमाणे पहिल्या बाकावर बसल्या. पेपर हाती आला. वीस प्रश्न, अर्धा तास, पास व्हायला पंधरा.

बाईंनी आधी सबंध पेपर दोनदा वाचला, कारण मुलांना त्या हेच सांगत आल्या होत्या. वीसच्या वीस उत्तरं त्यांना येत होती. सावकाश, पट्टी धरल्यासारख्या सरळ रेषेत त्यांनी पहिल्या चार प्रश्नांवर खुणा केल्या. पाचव्यावर पेन टेकलं, आणि पेपर वाटणारा कारकून जांभई देऊन उठला.

"बाई, जरा लक्ष असू द्या हं," तो जाता जाता म्हणाला. "मी चहा घेऊन आलोच."

बस थांब्यावर शेजारच्या माणसाला आपण पिशवीकडे लक्ष ठेवायला सांगतो, तितक्याच सहज तो हे बोलला. पण बाईंच्या आत चौतीस वर्षं झिजून गुळगुळीत झालेली एक कळ होती आणि ते शब्द नेमके तिच्यावर पडले. पाठीचा कणा ताठ झाला. पेनाचं टोपण बसलं. चष्मा नाकावर बोटभर खाली आला. आपण उठलो कधी, हे बाईंना नंतरही आठवलं नाही.

"माना खाली," त्या म्हणाल्या, आणि चोवीसमधल्या तेवीस माना खाली गेल्या.

बाई दोन रांगांमधून चालू लागल्या. तोच संथ चपलांचा आवाज, तेच मध्येच थांबणं, तेच पाठमोरं असताना अचानक वळणं.

"दूधवाले, ती चिठ्ठी इकडे."

"कोणती चिठ्ठी?"

"जिच्यावर तुम्ही बसलाय ती."

चिठ्ठी आली. "तुम्ही दोघे भाऊ एका बाकावर कसे? तू ऊठ, खिडकीपाशी जा."

"बाई, मला एकट्याला सुचत नाही हो."

"म्हणूनच."

शेवटच्या बाकाशी त्या थांबल्या. "काका. बाही वर."

"अहो, काहीतरीच काय! थंडी वाजतेय मला."

"बाही."

हॉर्नकाकांनी बटण काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या शाईत अक्षरांचा एक स्तंभ उतरला होता, आणि घामाने तो कोपरापाशी तळ्यासारखा पसरला होता. "बाई," हॉर्नकाका कुजबुजले, "शेजारी आहे हो मी तुमचा."

"वर्गात शेजारी नसतात," बाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल ओला करून आणायला लावला, हात पुसायला लावला, आणि काकांना उचलून पहिल्या बाकावर, मोकळ्या जागी, एकट्याला बसवलं.

घंटा झाली. "पेनं खाली." बाईंनी रांगेने पेपर गोळा केले, क्रमांकाप्रमाणे लावले, कडा ठोकून सारख्या केल्या, पर्समधल्या पांढऱ्या दोऱ्याच्या रिळाने गठ्ठा बांधला आणि मोजला. तेवीस. पुन्हा मोजला. तेवीस.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "एक पेपर कमी आहे. चोविसावा पेपर कुणाचा?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"पेपर मिळाल्याशिवाय कोणीही जागेवरून उठायचं नाही. मी इथे संध्याकाळपर्यंत उभी राहू शकते."

दूधवाला बाकाखाली वाकून पाहू लागला. बँकेतल्या गंभीर माणसाने आपले खिसे तपासले. दोन मिनिटं गेली. मग पहिल्या बाकावरून हॉर्नकाका, त्यांच्या आयुष्यात कधी नव्हे इतक्या हळू आवाजात, म्हणाले, "बाई, तो तुमचा आहे."

पेपर बाकावर काकांच्या कोपराशीच पडला होता. वर नाव, क्रमांक, चार खुणा, आणि त्याखाली स्वच्छ कोरा कागद.

तेवढ्यात कारकून मिशा पुसत आला. त्याने दोऱ्याने बांधलेला गठ्ठा पाहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने असा गठ्ठा पाहिला नव्हता. मग त्याला पेपर दिसला आणि बाईंचा चेहरा दिसला, आणि काय झालं ते त्याला कळलं. माणूस वाईट नव्हता.

"बसा बाई," तो म्हणाला. "पाच मिनिटं घ्या, लिहून टाका. कोण बघतंय?"

तेवीस माणसं बघत होती. पण बाईंना त्यांच्यापैकी कोणी दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची एक मुलगी. खूप वर्षं झाली होती. तिने नकाशात नदी सुरेख काढली होती, उगमापासून मुखापर्यंत, फक्त नदीचं नाव लिहायचं राहिलं होतं. "बाई, एकच मिनिट," ती म्हणाली होती. बाईंनी पेपर तिच्या हातातून काढून घेतला होता.

पाच मिनिटं लागणारच नव्हती. तीन पुरली असती. तीन मिनिटांत गाडी राहणार होती, तळं राहणार होतं, दिरांचं आवरण शिवणकाकूंच्या मशीनवर राहणार होतं.

"वेळ संपली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला पेपर गठ्ठ्याच्या दोऱ्यात सरकवला.

वीसपैकी चार. निकाल त्याच दुपारी लागला. तळमजल्यापर्यंत बातमी बाईंच्या आधी पोचली. हॉर्नकाका मात्र पास झाले होते, बरोबर पंधरा गुणांनी, आणि जुना परवाना नवा होऊन त्यांच्या पाकिटात आला होता. इमारतीत पेढे वाटल्यासारखा आनंद पसरला. बाई घरी आल्या, चप्पल काढली आणि पोस्टमास्तरांसमोर बसून सगळं सांगितलं. मुलगीसुद्धा सांगितली, जी त्यांनी कधीच कोणाला सांगितली नव्हती.

पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, एकेरी मार्गाने पूर्ण वळसा घालून आत गेले आणि तपकिरी कव्हरची पुस्तिका घेऊन आले. पान नाकाला टेकवून त्यांनी शोधलं. पान अडतीस. नापास उमेदवारास सात दिवसांनंतर पुन्हा परीक्षेस बसता येईल.

"एकवीस अधिक सात, अठ्ठावीस," ते म्हणाले. "महिन्यात बसतं."

सात दिवसांचा नियम बाईंना आयुष्यात पहिल्यांदा दयाळू वाटला.

अठ्ठाविसाव्या दिवशी कारकुनाने त्यांना दारातच गाठलं आणि लांब खोलीत जाऊच दिलं नाही. जुन्या फायलींच्या खोलीत एक खुर्ची-टेबल भिंतीला लावून ठेवलं होतं. "इथे बसायचं. भिंतीकडे तोंड. आणि बाहेरून काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."

बाईंनी आठ मिनिटांत वीस प्रश्न सोडवले. उरलेली बावीस मिनिटं त्यांच्या आयुष्यातली फार कठीण गेली. पलीकडून कुजबुज येत होती. स्पष्ट. "सातव्याचं काय रे? 'ब' ना?" बाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. सातव्याचं 'ब' नव्हतंच.

वीसपैकी वीस. कारकुनाने शिकाऊ परवाना हातात दिला आणि जरा घुटमळून म्हणाला, "बाई, परीक्षा दर मंगळवारी असते. सहज म्हणून येत जाल का?"

बाई परवाना वाचत घरी आल्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक अट होती. शिकाऊ चालकाशेजारी वैध परवाना असलेली व्यक्ती बसलेली असणे आवश्यक. पोस्टमास्तरांचा परवाना डॉक्टरांनी बंद केला होता. दिरांना विचारण्यात अर्थ नव्हता. "मला अजिबात वेळ नाही हो, वहिनी," असं त्यांनी प्रश्नाआधीच सांगून टाकलं होतं. इमारतीत अकरा गाडीवाले होते, आणि खुद्द बाईंच्या कृपेने त्यांच्यापैकी वैध परवाना फक्त एकाकडे होता.

दुसऱ्या मजल्यापर्यंत एकवीस पायऱ्या होत्या. बाई त्या चढल्या.

"एक अट," हॉर्नकाका दार अर्धवट उघडून म्हणाले. "फलकावरचा तो कागद काढायचा."

"निकाल काढून टाकता येत नाही, काका. पण पुनर्परीक्षेचे गुण पुढे लिहिता येतात. पंधरा लिहिते."

दोघे खाली आले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. हॉर्नकाका त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. बाईंनी एक काढला आणि पाच काढायला पेन उचललं.

"थांबा," हॉर्नकाका म्हणाले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, वर पाहिलं, पायांकडे पाहिलं. "चार तुमची होती. तुम्ही मला तुमच्याच बाकावर बसवलंत. पेपर समोर पडला होता हो, मी काय डोळे मिटू?"

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग एकापुढे दुसरा एक काढला. अकरा. आणि पुढे शेरा लिहिला: 'सुधारणा लक्षणीय. स्वभाव प्रामाणिक होत आहे.'

हॉर्नकाकांनी तो शेरा दोनदा वाचला. "लक्षणीय," ते स्वतःशी म्हणाले आणि घसा खाकरला. "उद्या सकाळी सहा वाजता अंगणात या. क्लच दाखवतो."

तिसाव्या दिवशी गुरुवार होता. एक अख्खा दिवस आणि एक सकाळ अंगणात गोल फिरून, बावीस वेळा गाडी बंद पाडून, एका कुंडीचा बळी घेऊन बाई तयार झाल्या होत्या. संध्याकाळी दीर नवं आवरण काखेत मारून स्कूटरवरून आले, तेव्हा निळी गाडी फाटकाकडे निघाली होती. पळणाऱ्या माणसाने तिला सहज मागे टाकलं असतं, चालणाऱ्यानेही, पण निघाली होती. स्टिअरिंगवर बाई, शेजारी पट्टा गच्च आवळून हॉर्नकाका, मागे थर्मास मांडीवर घेतलेले पोस्टमास्तर. इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती.

फाटकाच्या खांबावर बाईंनीच लावलेला पुठ्ठा होता. 'थांबा'. बाई थांबल्या. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी पुस्तिकेत लिहिलं होतं तितका वेळ घेतला. दीर स्कूटर वळवून गाडीच्या मागे येऊन अडकले होते. त्यांनी हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, लांब.

शेजारची काच खाली झाली आणि हॉर्नकाकांचं डोकं बाहेर आलं.

"ओ साहेब!" ते ओरडले. "हॉर्न कशाला वाजवता? पाटी दिसत नाही का?"

वरच्या एका खिडकीतून टाळी ऐकू आली. बहुधा शिवणकाकूंची. मागच्या सीटवर पोस्टमास्तरांनी थर्मासचं बूच घट्ट केलं.

"उजेड आहे तोवर पोचू," ते म्हणाले.

बाईंनी आरशात पाहिलं, दिवा दाखवला आणि पहिला गिअर टाकला. गाडी बंद पडली नाही.